पंधरा बाय सत्तर

संघप्रिया भित्री होती आणि हे ती स्वतःच सगळ्यांना आधी सांगून मोकळी व्हायची. कुत्र्याला भ्यायची. विजेच्या बटणाला भ्यायची. नवरा ओल्या हातानं मिक्सर लावायला निघाला की ही स्वयंपाकघरातून बाहेर पळायची. पण सगळ्यांत जास्त भ्यायची ती पाण्याला. माहेरी गडमुडशिंगीत असताना विहिरीत नुसतं डोकावलं तरी ती चार पावलं मागं सरायची. आणि नोकरी लागली ती नेमकी शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावरच्या कुरणवाडीत. आरोग्यसेविका म्हणून. नवरा प्रसेनजीत कोल्हापूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक. त्यामुळं आठवडाभर ती उपकेंद्रामागच्या खोलीत एकटी राहायची आणि शनिवारी संध्याकाळची गाडी पकडून घरी जायची.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात संध्याकाळी मावळतीकडं शेपटाचा तारा दिसायला लागला. अख्खा गाव पारावर जमून बघायचा. गावची जुनी सुईण बनाबाई म्हणाली, "ह्यो दिसला की राजा तरी मरतोय, न्हाईतर रोगराई तरी येतीया." बनाबाईच्या शब्दाला गावात वजन होतं. निम्मा गाव तिच्या हातावर जन्मलेला. संघप्रिया शिकलेली, लोकांना अंधश्रद्धा सोडा म्हणून सांगत फिरणारी, पण आठ दिवस तिला धड झोप नव्हती. खिडकी लावून घेतली तरी तो तारा खिडकीबाहेर उभा आहे असं वाटायचं.

रविवारी प्रसेनजीतनं तिला ओढतच कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या मैदानावर नेलं. तिथं उदयसिंह नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक लोकांना दुर्बिणीतून धूमकेतू दाखवत होते. दोन डोळ्यांची, हातात धरायची दुर्बीण. संघप्रियानं डोळे लावले आणि पहिल्यांदा दचकून मागं झाली, कारण तो फारच जवळ आल्यासारखा दिसला. सर म्हणाले, "बर्फ आणि धूळ आहे, ताई. आपल्यापासून कोट्यवधी मैल लांब. त्याला तुमचा पत्तासुद्धा माहीत नाही." तिनं पुन्हा बघितलं. मागं रांगेत उभी असलेली माणसं कुरकुरायला लागली तरी बघत राहिली. त्या रात्री तिला झोप लागली.

तेव्हापासून तिला नाद लागला. सरांकडचीच एक जुनी रशियन दुर्बीण तिनं घेतली, आठ बाय तीस. तळहातावर मावेल एवढी. लशीचा डबा एका खांद्याला, औषधांची पिशवी दुसऱ्या खांद्याला, आणि त्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ती दुर्बीण. वाड्यावस्त्यांवरून परत येताना तिन्हीसांजेला बांधावर दोन मिनिटं थांबून ती कृत्तिका बघायची, चंद्रावरचे खड्डे बघायची. हळूहळू तेवढ्यानं भागेना. पुसट गोष्टी पुसटच दिसायच्या.

पाचेक वर्षांनी ती पुन्हा सरांकडं गेली. म्हणाली, "मोठी घ्यावी म्हणते."

सरांनी टेबलावर तीन दुर्बिणी मांडल्या. "पहिला आकडा किती पट जवळ दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या काचेच्या रुंदीचा. ही काच म्हणजे पावसात ठेवलेली परात समजा. परात जेवढी मोठी, तेवढं पाणी जास्त धरते. पण भरलेली परात उचलून न्यायची कुणी?"

"पिशवीत मावली पाहिजे, सर."

"मग आहे तीच चांगली."

"पण दिसलंही पाहिजे."

सर हसले. "सगळ्यांचं रडगाणं तेच आहे. दहा बाय पन्नास घ्या. हातात धरता येते, दिसतंही बऱ्यापैकी. ही पंधरा बाय सत्तर बघू नका. दीड किलोची आहे, आणि तुमचे हात आधीच कापतात."

बघू नका म्हटल्यावर तिनं तीच उचलली आणि अंधार पडल्यावर मैदानावर जाऊन आभाळाला लावली. दक्षिणेकडं खाली ताऱ्यांच्या पुंजक्याचा एक धुरकट ठिपका होता, तो छोट्या दुर्बिणीतून कापसाच्या बोळ्यासारखा दिसायचा. मोठीतून त्याचा रवा झाला. कणकण वेगळा. हात कापत होते, रवाही परातीत हलवल्यासारखा हलत होता, पण तो रवाच होता. तिनं पंधरा बाय सत्तर घेतली.

घेतली खरी, पण ती बाहेर फारशी निघालीच नाही. उपकेंद्राच्या गच्चीवर दोन-तीनदा कठड्यावर उशी ठेवून तिनं ती लावली, तर चौथ्या दिवशी कुजबुज कानावर आली की शिस्टर दुर्बिणीनं लोकांच्या न्हाणीत बघत्यात. ती एवढी भ्याली, की दुर्बीण खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून खोलीतल्या माळ्यावर टाकली, औषधांच्या खोक्यांमागं. छोटी मात्र पिशवीत राहिली. ती कुणाला दिसत नव्हती.

दोन हजार पाच सालच्या पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली. पुराची सवय असलेली गावातली माणसं आधी निवांत होती. पायरीला पाणी लागलं, उतरेल म्हणाली. मारुतीच्या देवळात शिरलं, तरी उतरेल म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी रस्ता गेला, फोन गेले आणि दुपारी उपकेंद्राच्या दारात पाणी आलं. त्या वेळी संघप्रिया गुंडूच्या पायाला टाके घालत होती. गुंडू ट्रॅक्टर चालवायचा. गोठ्यातली जनावरं सोडताना पत्र्यानं त्याच्या पोटरीची चिरफाड झाली होती. सहा टाके घालून होईतो पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं होतं आणि तिचे दात वाजायला लागले होते.

"शिस्टर, पुरं करा, शाळंवर जाऊया," गुंडू म्हणाला.

जे हाताला लागलं ते तिनं घेतलं. लशीचा डबा, औषधांची पिशवी, गावची नोंदवही. माळ्याकडं एकदा बघितलं. दीड किलो म्हणजे काही ओझं नव्हे, पण हात दोनच होते, आणि एका हातानं गुंडूला धरायचं होतं.

शाळा गावात सगळ्यात उंच. तिच्या गच्चीवर साठ-सत्तर माणसं होती, बहुतेक बायका आणि म्हातारी. धडधाकट पुरुष जनावरं घेऊन आदल्या दिवशीच वरच्या गावाला गेलेले. दुपारपासून बचावाची मोटारबोट फेऱ्या मारत होती. एका फेरीला आठ माणसं. बोटीवरचा हवालदार साताऱ्याकडचा होता, कमी बोलणारा. संघप्रिया प्रत्येक फेरीला जाणाऱ्यांची नावं वहीत लिहून घेत होती, कारण लिहिताना खाली बघावं लागायचं आणि खाली बघितलं की पाणी दिसायचं नाही.

साडेसहाच्या सुमारास तिच्या ध्यानात आलं, की वहीत बनाबाईचं नाव नाही.

"बनाबाई सकाळच्या बोटीनं गेली की," झुंबरबाई म्हणाली. झुंबरबाई बनाबाईची भावजय. डोक्यावर पोतं घेऊन कठड्याला टेकून बसली होती.

"सकाळी बोट नव्हती, मामी. बोट दुपारी आली."

झुंबरबाई उठून मळ्याच्या दिशेला बघायला लागली. बनाबाई गावात राहत नव्हती. तिचं घर मळ्यात, शाळेपासून अर्ध्या मैलावर. मधल्या उसाचे आता शेंडेसुद्धा दिसत नव्हते. नुसतं तांबडं पाणी, आणि मधोमध एक पट्टा असा, की जिथं पाणी पळत होतं.

संघप्रियानं पिशवीतून छोटी दुर्बीण काढली. आभाळ भरलेलं, उजेड असा की नसल्यासारखा. बनाबाईचं कौलारू घर जिथं असायला हवं होतं तिथं काही नव्हतं. पण त्याच्या शेजारी विहिरीवरची मोटारीची खोली होती, तिच्या स्लॅबचा काळा चौकोन पाण्यावर दिसत होता. आणि त्या चौकोनावर काहीतरी होतं. गठळं म्हणा, कुत्रं म्हणा, माणूस म्हणा. ती डोळे ताणून बघत राहिली. जेवढं बघावं तेवढं ते काळ्यात काळं मिसळत गेलं.

बोट आली. तिनं हवालदाराला सांगितलं. त्यानं दुर्बीण घेऊन बघितलं आणि परत दिली.

"ताई, यातून काही कळत नाही. कापडाचं बोचकंही असेल."

"माणूस आसलं तर?"

"मधली धार बघताय ना? तिच्यातून बोट एकदाच घालता येईल, तीही उजेड असेतोवर. बोचक्यासाठी माझी तीन माणसं धारेत घालू?" तो रागावला नव्हता. त्याच्याही डोळ्यांत झोप नव्हती. "ही फेरी टाकून येतो. अर्ध्या तासात. तोवर माणूस आहे असं नक्की सांगा, जातो मी."

बोट गेली. संघप्रिया कठड्यापाशी उभी राहिली आणि तिच्या डोक्यात पुन्हा मोठी दुर्बीण आली. सत्तरची काच. ह्याच उजेडातून दुप्पट जवळ आणि कितीतरी जास्त दाखवेल. ती साठ पावलांवर होती, माळ्यावर कोरडी. आणि मधल्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं.

तिला वाटलं, हे कुणालाच सांगू नये. सांगितलं नाही तर जावं लागणार नाही. तिनं वही उघडली, पुन्हा मिटली. मग गुंडूजवळ जाऊन बसली आणि सांगितलं.

गुंडू लगेच उठायला लागला. "कुठं ठेवलीया सांगा, आणतो."

"टाके घातलेला पाय घेऊन ह्या पाण्यात? पाय कापायची पाळी येईल. बस खाली."

"मग कोण जाणार? ह्या म्हाताऱ्या?"

तिनं पदर कमरेला खोचला. गुंडूनं गच्चीवरच्या ध्वजाच्या खांबाची दोरी सोडून आणली, तिला लोकांच्या बोचक्यांचे दोर जोडले, संघप्रियाच्या कमरेला दोन गाठी मारल्या आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून जिन्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसला.

"भिंतीला धरून जावा. गटार डाव्या अंगाला हाय. दोरी तीनदा वढली की मी वढून घेतो."

पाणी एवढं गार असेल असं तिला वाटलं नव्हतं. कमरेला लागलं तेव्हा तोंडातून आवाज निघाला, छातीला लागलं तेव्हा आवाजही निघेना. ती भिंतीवर तळवे घासत सरकत होती. गोवऱ्या, चपला, एक मेलेली कोंबडी अंगाला लागून जात होती. विजेच्या खांबावर हिरवट काहीतरी गुंडाळलेलं होतं, ते तिनं वेल समजून बघितलं आणि ते हललं. त्याच्यापासून हातभर अंतरावरून जाण्यावाचून रस्ता नव्हता. ती डोळे मिटून गेली. डोळे मिटल्यामुळं गटाराचा अंदाज चुकला, पाय खाली गेला आणि नाकातोंडात गढूळ पाणी गेलं. दोरी ताणली गेली. वर आली तेव्हा गुंडू ओरडत होता, "वढू का? शिस्टर, वढू का?" हो म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. पण खोकलाच आला, आणि खोकला संपेतोवर उपकेंद्राचं दार हाताला लागलं होतं.

आत काळोख. खोलीतली पत्र्याची पेटी तरंगत येऊन तिच्या पोटाला धडकली. लोखंडी कॉट पाण्याखाली जागेवरच होती, तिच्यावर चढून तिनं माळ्यावर हात घातला. खोकी बाजूला ढकलली. खताची पिशवी हाताला लागली तेव्हा तिला रडू कोसळलं, आणि रडतरडतच ती खाली उतरली. पिशवी घागरीसारखी डोक्यावर घेतली. एक हात पिशवीला, एक भिंतीला. परतताना तिनं डोळे उघडे ठेवले. खांबावरचा साप तिथंच होता.

गच्चीवर आली तेव्हा झुंबरबाईनं डोक्यावरच्या पोत्याखाली कोरडा राहिलेला आपल्या लुगड्याचा पदर काढून काचा पुसल्या. लशीचा डबा कठड्यावर ठेवून त्याच्यावर दुर्बीण टेकवली. संघप्रियानं डोळे लावले. सगळं नाचत होतं. पाणी, आभाळ, स्लॅब, काहीच एका जागी राहीना. तिचं अख्खं अंग थडथडत होतं.

"मामी, मला मागनं घट्ट धरा."

झुंबरबाईनं तिला पाठीमागून मिठी मारली. संघप्रियानं श्वास रोखला आणि मधलं चाक फिरवलं. काळोखातून चौकोन वर आला. चौकोनावर प्लास्टिकचा कागद. कागदाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं माणूस. मान वळली. पांढरे केस दिसले.

बनाबाई होती.

तिच्या हातात कासरा होता. कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला स्लॅबच्या कडेशी तिची कालवड उभी होती, चारी पाय जवळजवळ घेऊन. पाणी स्लॅबच्या काठाला टेकलं होतं.

मागं बोटीचा आवाज आला. हवालदार दोनदोन पायऱ्या चढत वर आला. "माणूस आहे?"

"आहे. बाई आहे. मान हलवली आत्ता. तुम्ही बघा."

त्यानं वाकून डोळे लावले. पण त्याचा धक्का लागून दुर्बीण सरकली, आणि पुन्हा धरेतोवर त्याला दिसलं ते एवढंच, की कुणीतरी बसलेलं आहे. त्याला तेवढं पुरे होतं.

"आणखी कोणी?" त्यानं विचारलं.

संघप्रियाच्या मनात एका क्षणात सगळं येऊन गेलं. जनावर आहे म्हटलं तर हा म्हणेल, म्हातारी जनावर सोडून येणार नाही, तिथं झटापट होईल, बोट उलटेल. कदाचित जाणारच नाही.

"नाही," ती म्हणाली. "एकटीच आहे."

बोट निघाली. धारेत शिरताना तिचं तोंड आडवं वळलेलं दिसलं, मग अंधारानं तिला गिळलं. इंजिनाचा आवाज थोडा वेळ येत होता. मग तोही थांबला.  संघप्रिया दुर्बीण लावून होती, पण आता त्या सत्तरच्या काचेलाही धरायला उजेड उरला नव्हता. तिला वाटत होतं, तीन माणसं माझ्या शब्दावर गेली. त्यांना बायकापोरं असतील. बोट उलटली तर मी सांगितलं म्हणून उलटली. एवढी भीती तिला गल्लीतल्या पाण्यातसुद्धा वाटली नव्हती. तिथं बुडाली असती तर ती एकटी बुडाली असती.

किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता आलं नाही. गुंडू म्हणायचा वीस मिनिटं, झुंबरबाई म्हणायची दोन तास. मग उगवतीकडून, जिथून कुणाला अपेक्षा नव्हती तिथून, बॅटरीचा उजेड आला. धारेनं त्यांना पार खाली नेलं होतं आणि ते वळसा घालून आले होते.

बनाबाईला दोघांनी उचलून वर आणलं. संघप्रियानं तिची नाडी बघितली, अंगावर कोरडं पांघरूण घातलं. बनाबाई कुणाशी बोलली नाही. तिच्या मुठीत कासऱ्याचा हातभर तुकडा होता, सुरीनं कापलेला.

पूर ओसरायला दहा-बारा दिवस गेले. छावणीत संघप्रिया रोज तापाच्या गोळ्या वाटत फिरायची. बनाबाई हात पुढं करून गोळी घ्यायची आणि तोंड फिरवायची. लोक म्हणायचे, म्हातारीला धक्का बसलाय. संघप्रियाला ठाऊक होतं तो कसला.

गावात परतल्यावर चिखल काढण्यात दोन महिने गेले. दुर्बिणीच्या डाव्या नळीत ओल शिरून बुरशीचं जाळं धरलं होतं. सरांनी ती खोलून पुसून दिली, पण त्या बाजूचं पहिल्यासारखं दिसेना. प्रसेनजीत बदलीचा अर्ज कर म्हणून मागं लागला. तिनं केला. रात्री पत्र्यावर पावसाचा थेंब वाजला तरी ती उठून दारात पाणी आलंय का बघायची.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी बनाबाई काठी टेकत उपकेंद्रात आली. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. संघप्रियानं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"मावशी, तुमच्याशी बोलायचं हाय."

"त्यो बोटीवरचा हवालदार म्हणला," बनाबाईनंच सुरुवात केली, "वरनं सांगितलंया एकटी बाई हाय, जनावराचं बोलणं न्हवतं. तवापासनं मी एकच इचार करतोय. तुला कालवड दिसली नसंल, का दिसली आसंल?"

"दिसली होती."

बनाबाईनं मान हलवली. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

"सांगितलं आस्तंस तर आला नसता त्यो?"

"ठाऊक न्हाई, मावशी. मला भ्या वाटलं."

"हं." बनाबाईनं पट्टा बांधलेल्या हाताकडं बघितलं. "मला बी लई भ्या वाटत हुतं तितं. तिच्या अंगाला टेकून बसलोतो म्हणून तगलो."

 संघप्रियानं फुगा दाबला, पारा चढला, खाली आला. आकडा जास्त होता. तिनं तो सांगितला आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या कागदात बांधून दिल्या.

"महिन्याच्या दे," बनाबाई म्हणाली. "सारखं यायला हुत न्हाई."

"न्हाई मावशी. पंधरा दिवसांनी या. दाब बघायला पाहिजे."

बनाबाई कुरकुरली, पण पंधरा दिवसांनी आली. पुढच्या उन्हाळ्यात संघप्रियाची बदली पन्हाळा तालुक्यात कोडोलीला झाली. तोवर बनाबाई दर पंधरवड्याला येत राहिली.